घण वितळवणार नाही

मी लोहार आहे. पगाराचं काम वेगळं. परभणीतल्या एका शाळेत मी बालवर्गाला इंग्रजी अक्षरं गिरवायला लावते आणि दुपारी दीड वाजता स्कूटीवरून घरी येते. जेवण झालं की कॉम्प्युटर चालू करते, हेडफोन लावते आणि संध्याकाळी आई चहाला हाक मारेपर्यंत लोखंड तापवते. ते लोखंड खरं नाही हे मला माहीत आहे. मला ते समजावून सांगणारे पुष्कळ लोक आधीच आहेत, तेव्हा वाचकांनी तेवढा त्रास घेऊ नये.

गेमचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तिथे मला शोधणं सोपं आहे, आणि मला शोधलेलं आवडत नाही. एवढं सांगते की तो एक मोठा मुलूख आहे, जिथे देशोदेशीचे लोक एकाच वेळी आपापलं पात्र घेऊन हिंडतात, राक्षस मारतात, किल्ले घेतात. बहुतेकांना लढाई हवी असते. मला पहिल्या आठवड्यापासून भट्टी आवडली. लढाईत पडलेलं हत्यार उचलता येतं, पण ते सगळ्यांना सारखंच मिळतं. भट्टीवर गेलं की सगळं आपण ठरवायचं: पातं किती लांब, मूठ कसली, वजन टोकाला की मुठीजवळ. धातू किती तापवायचा आणि मग कशात थंड करायचा, पाण्यात, तेलात की नुसत्या हवेवर. एक गोष्ट बदलली की बाकीच्या चार बदलतात. तयार झालेल्या हत्यारावर बनवणाऱ्याचं नाव आपोआप कोरलं जातं आणि ते कुणाला पुसता येत नाही.

माझ्यासारखीला हे किती पुरतं, हे सांगायला हवं. मी शिकले त्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की हातावर पट्टी बसायची, आणि सुट्टीत गावी, मानवतला गेलं की चुलत भावंडं माझ्या मराठीला हसायची. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं होतं. ती सवय अजून आहे. चार माणसांत मला एक वाक्य बोलायचं असेल तर ते मी आधी मनात तीनदा म्हणून बघते, तोवर विषय बदललेला असतो. भट्टीवर कुणी घाई करत नाही.

गेममधले बाकीचे लोहार व्हिडिओ बघून हत्यारं बनवतात. कुणीतरी परदेशातला माणूस सांगतो की अमुक धातू, अमुक मूठ, आणि दुसऱ्या दिवशी हजारो लोकांच्या हातात तीच हलकी, झटपट चालणारी तलवार दिसते. मला घण बनवायचा होता. घण कुणी बनवत नव्हतं. तो जड, हळू, आणि उचलेपर्यंत समोरचा तुम्हाला तीनदा मारून जातो. पण दारं आणि चिलखतं फोडायची तर त्याच्यासारखं काही नाही, असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे मी ते पाहिलं होतं.

जिंतूर रोडला, गावाबाहेर, पेरणीच्या आधी घिसाडी लोकांची पालं पडतात. एका वर्षी बाबा शेतातली खुरपी आणि एक कुऱ्हाड शेवटून, म्हणजे तापवून नवी धार काढून घ्यायला तिथे गेले होते. बाबा कोर्टात कारकून. शेत नावाला आहे, ते दुसरेच कसतात, पण अवजारं करून आणायचं काम बाबांना मनापासून आवडतं. मी स्कूटीवर मागे होते. पालापुढे जमिनीत ऐरण रोवलेली. नवरा बसलेला, डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात छोटी हातोडी. बायको उभी, तिच्या हातात घण. तो तापलेल्या कुऱ्हाडीवर हातोडीने एक टिचकी मारायचा आणि जिथे टिचकी पडली नेमक्या तिथे तिचा घण पडायचा. टिचकी, घण. टिचकी, घण. दोघं एक शब्द बोलत नव्हते. तिच्या अंगावर हिरवं नऊवारी होतं, वयाने ती आईएवढी असेल, आणि ती दमत नव्हती.

मी अनोळखी माणसाशी आपणहून बोलले असे प्रसंग बोटांवर मोजता येतील. त्यातला हा एक. हात दुखत नाहीत का, असं मी विचारलं. तिने घण माझ्याकडे दिला. मला तो गुडघ्यापर्यंतसुद्धा नीट उचलता आला नाही, आणि ती हसली, पण चिडवल्यासारखं नाही.

"उचलायलाच जोर लागतो बाई," ती म्हणाली. "खाली त्यो आपल्या आपण येतो. त्याला आडवायचं न्हाई. आन दांडा वाकणारा घ्यायचा, न्हाईतर सगळा दणका आपल्याच खांद्यात."

दांडा वेळूचा होता. मी बोटाने दाबून पाहिला, तो खरंच थोडा वाकत होता.

गेममध्ये जड हत्याराला सगळे लोखंडी दांडा लावतात, कारण तो सर्वांत टिकाऊ आहे असं तिथे लिहिलेलं असतं. मीही तसेच पाच घण बनवले आणि पाचही निकामी निघाले. दोन फटक्यांत माझ्या पात्राचा दम संपायचा. मग मी लोखंडी दांडा काढून सर्वांत कमी टिकाऊ म्हणून लिहिलेलं एक लवचिक लाकूड लावलं. दम निम्म्यानेच जाऊ लागला. दांडा मधूनमधून मोडायचा, तो बदलायचा, एवढंच. पुढे घणाच्या डोक्याच्या धातूकडे वळले. त्या गेममध्ये आकाशातून पडलेल्या लोखंडाचा एक गोळा प्रत्येक खेळाडूला एकदाच मिळतो. सगळे तो तलवारीत घालतात. मी तो घणात घातला आणि पाण्याऐवजी तेलात थंड केला, कारण साध्या लोखंडाची डोकी पाण्यात तडकली होती. हे सगळं व्हायला सात महिने लागले. किती तापमानाला काय झालं ते एका जुन्या डायरीत लिहीत गेले. घण तयार झाला त्या दुपारी मी एका पडक्या बुरुजाचं दार चार फटक्यांत पाडलं आणि आईला चहा करून दिला. का, ते तिला सांगितलं नाही.

मी एका टोळीत होते. चौदा जण, सगळे मराठी बोलणारे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, एक जण आखातात नोकरीला. ते माइकवर बोलायचे आणि मी टाइप करायचे. माझ्या पात्राला कुठला चेहरा नव्हता, शिरस्त्राण होतं, आणि मला सगळे 'भाऊ' म्हणायचे. मी दुरुस्त केलं नाही. सुरुवातीला भीतीने, नंतर सवयीने. एक भीती मुलगी असल्याची होती. दुसरी मी उघडपणे कधी कबूल केली नव्हती: तोंड उघडलं तर करतेय, जातेय ऐवजी आमच्याकडचं 'करायले', 'जायले' बाहेर पडेल, आणि त्यांचं मराठी तसं नव्हतं. दोन वर्षं मी त्या लोकांच्या तलवारी, ढाली, हातमोजे बनवले. त्यांच्या भांडणांवर एकटी हसले. कुणाला मुलगी झाली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं ऐकलं. मला ते आवडायचे, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग टोळीने एक मोठा किल्ला घ्यायचं ठरवलं. त्यावर आठच जण जाऊ शकतात. आठांत माझं नाव होतं, पहिल्यांदाच, घणामुळे. आणि त्याच आठवड्यात कॅप्टनने मला निरोप पाठवला.

कॅप्टन म्हणजे टोळीचा म्होरक्या, पुण्याचा, आवाजावरून तिशीचा, गोड बोलणारा. त्याला नवी तलवार हवी होती आणि तिला आकाशातल्या लोखंडाचे दोन गोळे लागत होते. एक त्याचा. दुसरा माझ्या घणात होता. हत्यार वितळवलं की आतला धातू परत मिळतो आणि तो दुसऱ्याला देता येतो. त्याने लिहिलं होतं की भाऊ, तू तर बनवणारा माणूस, तुला काय, दुसरं काहीतरी बनवशील. टोळीसाठी एवढं कर. मी उत्तर दिलं नाही, तर त्याने तेच सगळ्यांसमोर विचारलं. सगळे म्हणाले, भाऊ देईल की, भाऊ कधी नाही म्हणतो. आणि ते खरं होतं, मी कधीच नाही म्हटलं नव्हतं. रविवारी दुपारी तीनला किल्ल्यावर निघायचं होतं. तोवर घण वितळला नाही तर आठांत माझी जागा नाही, असंही त्याने शेवटी लिहिलं, पुढे हसरा चेहरा टाकून.

माझ्याकडे एक चांगली सबब होती. तेलात थंड केलेलं लोखंड वितळवलं की त्याचा दर्जा एक पायरी उतरतो. उतरलेल्या गोळ्याची ती तलवार होतच नाही. कॅप्टनला हे माहीत नव्हतं, कारण तो व्हिडिओ बघून शिकलेला. एक ओळ टाइप केली असती तर प्रश्न मिटला असता आणि कुणी रागावलंही नसतं.

आई शिक्षिका आहे, शनिवारी तिची शाळा सकाळची असते. दुपारी ती पलंगावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि माझा कॉम्प्युटर बंद होता, हे तिच्या लक्षात आलं.

"आज खेळायली न्हाईस? तोंड कामून पाडून बसलीस ग?"

मी सांगितलं. गेमबद्दल आईला मी तोवर कधी सलग दोन वाक्यं सांगितली नव्हती. ती हसेल असं वाटलं, पण ती वर्गात पोरांचं गाऱ्हाणं ऐकावं तशी ऐकत राहिली. घणावर नाव कुणाचं आहे, असं तिने विचारलं. माझं, म्हटलं. बनवायला किती दिवस लागले, तेही विचारलं. मग मी दर्जा उतरण्याची सबब सांगितली आणि म्हटलं की तेच लिहून टाकते, म्हणजे वाद नको.

तिने शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

"आन दर्जा उतरला नसता तर? दिला असतास का?"

मी एक शेंग उचलून फोडली. मग तिने मला तिच्या पाटल्यांची गोष्ट सांगितली. तिच्या आईने तिला दिलेल्या पाटल्या आत्याच्या लग्नात मोडल्या, हे मला अर्धवट माहीत होतं. घरात ते नेहमी 'आईने पाटल्या दिल्या' असं सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं. आई म्हणाली की बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं होतं. सोनंच आहे, परत करू, असं म्हणाले होते. नवी सून, पंधरा माणसं बसलेली. सोनाराने त्याच घरात, आत्यासाठी, त्याचा हार केला.

"कुणी हातातून ओढून न्हाई घेतल्या ग," ती म्हणाली. "इचारलं होतं. मीच हो म्हणले. त्येच लय बोचतंय."

एवढं बोलून ती टरफलं टाकायला अंगणात गेली. मला काय करायचं ते तिने सांगितलं नाही.

रविवारी तीनला पाच मिनिटं कमी असताना मी हेडफोन लावला. आठपैकी सात जण माइकवर होते. घण माझ्या पात्राच्या पाठीवर होता, सगळ्यांना दिसेल असा. कॅप्टनने विचारलं की भाऊ, अजून वितळवला नाहीस, सगळे थांबलेत. मी सबब अर्धी टाइप केली होती. ती खोडली. दोन वर्षांत एकदाही न दाबलेलं माइकचं बटण दाबलं.

"मी घण देणार न्हाई."

माझा आवाज मलाच परका वाटला, मधेच फाटला सुद्धा.  मग कुणीतरी विचारलं, हे कोण बोललं. मी म्हटलं, तुमचा लोहार. कोल्हापूरवाला मोठ्याने हसला आणि म्हणाला, आयला, भाऊची ताई झाली. दुसऱ्याने शंका काढली की भावाच्या अकाउंटवर बहीण आलीय. मी सांगितलं की अकाउंट माझं आहे आणि त्याच्या हातातली ढालही मीच बनवली आहे, नाव वाचून बघ.

कॅप्टन सावरला. आता तो आणखी गोड झाला. आधी सांगितलं असतंस तर आम्ही तुला असं लढाईत ओढलंच नसतं, म्हणाला. मागे राहून जखमी लोकांना बरं करायचं काम असतं, ते मुली छान करतात. आणि मग परत मुद्द्यावर आला. घण का देत नाही, काहीतरी कारण असेल ना?

कारण माझ्या जिभेवर होतं, तयार, तांत्रिक, कुणाला न दुखावणारं.

"कारण न्हाई," मी म्हटलं. "माझा हाय. सात महिने मी त्याच्यावर काम करायले."

"करायले," तो म्हणाला, माझ्याच चालीवर. दोघं-तिघं हसले. "हे कुठलं मराठी, ताई?"

"परभणीचं."

"बरं. मग परभणीकर आज बाहेर बसतील."

पडद्यावर एक ओळ आली की तुम्हाला टोळीतून काढण्यात आलं आहे. आवाज बंद झाले. मी हेडफोन काढला. आई दारात उभी होती, तिने ऐकलं असावं. तिने चहा ठेवू का असं विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. टोळीची मोठी भट्टी गेली, तिथे साठवलेले माझे धातू गेले. दुपारी तीननंतर घर एकदम शांत झालं. दोन वर्षं ज्यांचे खोकलेही मला ओळखू यायचे, त्या माणसांपैकी एकानेही मागाहून चौकशी केली नाही. पण पश्चात्ताप झाला नाही. मी डोंगरातल्या एका लहान गावात गेले, तिथे कुणालाही वापरता येते अशी एक गळक्या छपराची भट्टी आहे, आणि घणाला नवा दांडा बसवला. मग एकटीच त्या किल्ल्यावर गेले. आठ जणांच्या किल्ल्यावर एकटीने जायचं नसतं. पहिल्या दारापर्यंत पोचायच्या आत मी मेले. दुसऱ्या दिवशी पोचले, दाराला एक तडा पाडला आणि मेले. त्या तड्याचं चित्र मी जपून ठेवलं आहे.

तीन आठवड्यांनी कॅप्टनचा निरोप आला. मला वाटलं परत लोखंडाबद्दल असेल. तसं नव्हतं. त्या गेममध्ये हत्याराची धार गेली की ती पूर्ण फक्त बनवणाराच परत आणू शकतो. दुसऱ्या कुणी लावली तर ती कामचलाऊ राहते. टोळीतल्या उरलेल्या तेराही जणांची हत्यारं माझ्या नावाची होती आणि एव्हाना बोथट झाली होती. त्याने लिहिलं होतं की झालं गेलं विसरून जाऊ. घण तुझाच राहील, कुणी मागणार नाही. आठांत जागाही देतो. फक्त एक विनंती: आधीसारखं टाइपच करत जा, ताई. मुलगी माइकवर असली की बाकीच्यांना मोकळेपणाने बोलता येत नाही.

मी ते तीनदा वाचलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्यांदा वाचताना मला हायसं वाटलं. मला टाइपच करायला आवडतं.  तो मला जे मागत होता ते मी दोन वर्षं कुणी न मागता देत आले होते, आणि बदल्यात सगळं परत मिळत होतं: भट्टी, धातू, ते आवाज. दुसऱ्या वाचनाला मला दिसलं की माझं गप्प राहणं त्याने आज प्रथमच विचारून मागितलं आहे, आणि मी हो म्हणेन अशी त्याची खात्री आहे. तिसऱ्या वाचनानंतर मी टाइप करायला घेतलं, बोटं सवयीने चाललीही, आणि मग ते सगळं पुसून बोलून निरोप पाठवायचं चिन्ह दाबलं. वाक्य आधी मनात म्हणून बघितलं नाही.

"धार लावून देते. ज्याला पायजे त्यानं डोंगरातल्या भट्टीवर यावं, मी दुपारी दोनपासून तिथंच असते. टोळीत आले तर बोलतच येईन. तुमाला ऐकायला लाज वाटायली असंल तर तुमी हेडफोन काढा."

पाठवलं. त्याने ते ऐकल्याची खूण लगेच आली. उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी आखातातला खेळाडू त्या गळक्या भट्टीवर एकटाच आला, तलवार पुढे धरली आणि माइकवर, जरा अडखळत, नमस्कार ताई म्हणाला. मी बटण दाबून सांगितलं की तुझी मूठ ढिली झालीय, आधी ती बदलते, थांब जरा, भट्टी तापायलीय.